मुंबईची 39 मिनिटं आणि हॅस्केल

समजा, तुम्हाला 1910 सालच्या मुंबईतली एक नोंद मिळाली: 'सभा सकाळी 10 वाजता.' अंधेरीहून निघणाऱ्या गाडीची वेळही सापडली. दोन्ही एकाच तक्त्यात टाकायच्या आधी जरा थांबा. त्या काळी मुंबईत दोन वेळा चालत होत्या.

1 जानेवारी 1906 ला भारतीय प्रमाणवेळ आली, ग्रिनिचच्या 5 तास 30 मिनिटं पुढे. रेल्वे त्या वेळेवर धावू लागली. महापालिकेने मात्र 'बॉम्बे टाइम'च धरून ठेवली, ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे. सरकारने लादलेली वेळ नको, हा राग त्यामागे होता. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं हा घोळ चालला.

म्हणजे सभा बॉम्बे टाइमने असेल, तर स्टेशनच्या घड्याळात तेव्हा 10:39 झालेले. ग्रिनिचप्रमाणे पहाटेचे 5:09. प्रमाणवेळेने असेल तर 4:30.

आता हे हॅस्केलमध्ये आणू. 'टाइम' लायब्ररीत 'लोकलटाइम' म्हणजे नुसती तारीख आणि घड्याळातली वेळ. 'यूटीसीटाइम' म्हणजे जगाच्या दृष्टीने एक नेमका क्षण. हे दोन वेगळे टाइप आहेत, एकाच्या जागी दुसरा दिला तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. मधला पूल 'टाइमझोन', आणि तो मिनिटांत मोजतो: प्रमाणवेळ 330, बॉम्बे टाइम 291.

तयार टाइमझोन डेटाबेसवर विसंबाल तर फसाल. त्यात आपल्यासाठी 'एशिया/कोलकाता' आहे, आणि 1910 साठी तो गुपचूप 330 देतो. बॉम्बे टाइम त्यात नाहीच. एरर येत नाही, फक्त उत्तर चुकतं. ही चूक सगळ्यात वाईट.

म्हणून स्वतःचा छोटा टाइप करा: घड्याळ एकतर 'बॉम्बे', किंवा 'प्रमाण', किंवा 'अज्ञात'. मूळ वेळ 'लोकलटाइम' म्हणून जशीच्या तशी ठेवा. रूपांतर करणाऱ्या फंक्शनने 'मेबी' परत द्यावं. 'अज्ञात' असेल तर 'नथिंग'. वॉर्निंग चालू ठेवल्या की एखादा पर्याय विसरलात तर कंपाइलर सांगतो.

कुठलं घड्याळ, हे मात्र कंपाइलर सांगणार नाही. ते कागदावरूनच ठरवायचं: नोंद कोणाची, रेल्वेची की पालिकेची? पुरावा नसेल तर 'अज्ञात' लिहा. अंदाजाने भरलेली 39 मिनिटं पुढे प्रबंधात कुणालाच ओळखू येत नाहीत.