एका पैशाचं तिकीट आणि मुलांचे हात

दिवाळीची सुट्टी लागली की घरात पोरांचा दंगा सुरू होतो. किल्ला होतो, फटाके होतात, फराळाचे डबे अर्धे होतात. भाऊबीज झाली की मुलींच्या मुठीत ओवाळणीचे चार पैसेही असतात. या सुट्टीत मुलांना दुसऱ्यासाठी काही करायला लावावं, असं आपल्या गटांत नेहमी बोललं जातं. ते कसं करावं, याची एक जुनी गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. गोष्ट परदेशातली आहे, पण ती आपल्या गावापर्यंत येऊन पोचली आहे.

डेन्मार्क हा युरोपातला एक छोटा देश. तिथे कोपनहेगन शहरात आयनार होल्बोल नावाचे एक टपाल कारकून होते. 1903 च्या नाताळात शुभेच्छांच्या पत्रांचे ढीग निवडताना त्यांच्या मनात आलं, या प्रत्येक पत्रावर लोकांनी एक जादा चिठ्ठी चिकटवली आणि तिचे अगदी थोडे पैसे दिले तर? ते पैसे क्षयाने आजारी असलेल्या मुलांसाठी वापरता येतील. राजाने परवानगी दिली. 1904 च्या नाताळात राणी लुईझ यांचं चित्र असलेली चिठ्ठी निघाली. किंमत दोन योरे, म्हणजे आपल्याकडच्या पैशासारखं तिथलं छोटं नाणं. त्या चिठ्ठीने पत्र पोचत नव्हतं, टपालाचं तिकीट वेगळं लावावंच लागे. तरी पहिल्याच वर्षी 40 लाखांहून जास्त चिठ्ठ्या खपल्या. देशातली माणसंसुद्धा तेवढी नव्हती! त्या पैशांतून 1911 साली कोल्डिंग गावी मुलांसाठी क्षयाचं आरोग्यधाम उभं राहिलं.

त्या काळात क्षय म्हणजे काय होतं, हे समजून घेऊ. हा रोग जंतूमुळे होतो हे रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली दाखवून दिलं होतं. पण औषध नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच उपाय. गरिबाला यातलं काय परवडणार? त्यात रोगाची लाज. घरात कुणाला झाला तर तो लपवायचा, विशेषतः मुलीबाळींना झाला तर.

डेन्मार्कहून अमेरिकेत जाऊन पत्रकार झालेले जेकब रीस यांचे सहा भाऊ क्षयाने गेले होते. मायदेशाहून आलेल्या पत्रावर त्यांनी ही चिठ्ठी पाहिली आणि 1907 साली त्यावर लेख लिहिला. तो लेख एमिली बिसेल या बाईंनी वाचला. त्यांच्या डेलावेअर राज्यात नदीकाठी क्षयरोग्यांसाठी एक लहानसं ठिकाण चालत होतं. 300 डॉलर मिळाले नाहीत तर ते बंद पडणार होतं. बिसेलबाईंनी स्वतः चिठ्ठीचं चित्र काढलं, छापून घेतलं आणि डिसेंबरात टपाल कचेरीत एक-एक सेंटला विकायला ठेवलं. सेंट म्हणजे तिथला पैसाच. एका वर्तमानपत्राने साथ दिली आणि 300 च्या जागी सुमारे 3,000 डॉलर जमले.

त्या वेळची एक आठवण सांगतात. पेपर विकणारा एक पोरगा आला, त्याने एक सेंट पुढे ठेवला आणि एक चिठ्ठी मागितली. त्याच्या बहिणीलाच क्षय झाला होता.

आम्हाला या गोष्टीत पैशांपेक्षा हेच मोठं वाटतं. जे घरात झाकून ठेवायचं, ते एक पोर चारचौघांत बोललं. एका सेंटची किंमत असल्यामुळे पोरालाही देता आलं. आणि मूल चिठ्ठी घरी घेऊन गेलं की विचारणारच, ‘आई, क्षय म्हणजे काय गं?’ मग आईला उत्तर द्यावं लागतं.

हीच रीत आपल्या देशातही आली. 1939 साली भारतीय क्षयरोग संघ स्थापन झाला आणि 1950 पासून टीबी सीलची मोहीम सुरू झाली. ती दरवर्षी 2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीला सुरू होते. आपल्यापैकी कित्येकींनी शाळेत ही तिकिटं घेतली असतील. पण काही ठिकाणी काय झालं? ‘इतकी तिकिटं खपवून आणा’ असा हुकूम सुटला. घरी पैसे नसलेलं मूल वर्गात मान खाली घालून बसू लागलं. तिकीट कशासाठी, हे कुणी सांगितलंच नाही. दान गेलं आणि दंड उरला. मुलांकडून काही करून घेताना ही चूक टाळायची.

आज क्षय बरा होतो. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. साधा क्षय साधारण सहा महिन्यांच्या नेमाने घेतलेल्या औषधाने जातो. ताट-वाटी, कपडे यांमुळे तो पसरत नाही. तरी अजून सुनेला क्षय निघाला की तिला माहेरी धाडणारी घरं आहेत. औषध अर्ध्यावर सुटतं ते लाजेमुळे आणि पोटात पुरेसं अन्न नसल्यामुळेही.

2022 पासून सरकारची ‘निक्षय मित्र’ योजना आहे. कुणीही माणूस किंवा गट क्षयरोग्याला निदान सहा महिने सकस अन्नाची टोपली देऊ शकतो. आपला बचत गटही देऊ शकतो. या सुट्टीत आपल्या पोरांना त्यात घ्या. फटाक्यांतले चार पैसे काढायचे का, हे त्यांनाच ठरवू द्या. डाळ, शेंगदाणे, गूळ त्यांच्या हातांनी मोजू द्या, पिशव्या भरू द्या. पण रोग्याची संमती आधी घ्या, पिशवी आशाताईंच्या हातून पोचवा. पोरांना नाव सांगायची गरज नाही, आणि फोटो तर मुळीच नको.

पिशव्या भरताना पोरं प्रश्न विचारतील. तेव्हा त्यांना खरं सांगा, की हा आजार औषधाने बरा होतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. उद्या त्यांच्या घरात कुणाला खोकला लागला, तर हीच पोरं म्हणतील, चला, दवाखान्यात जाऊन तपासून घेऊ.