दीड ठिपक्याची शिरोरेषा

गेले दोन महिने मी धरून चाललो होतो की आपला डोळा गेला. आईच्या तोंडून पूर्वी उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यांची वही टंकायला घेतली आहे. सुप्याच्या घरी टेबलावर दोन पडदे. जुन्या मॉनिटरवर वहीचं स्कॅन केलेलं पान आणि शेजारी मुलाने दिलेल्या नव्या लॅपटॉपवर टायपिंग. लॅपटॉपवर अनुस्वारच नीट दिसेनात. 'चिंता'ची 'चिता' झालेली कळेना! नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही) जाऊन तपासून घेतलं, तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा ठणठणीत. शेवटी नातवाने टायपिंगची खिडकी माउसने ओढून जुन्या मॉनिटरवर नेली, आणि अक्षरं लख्ख!

याचं मूळ शोधताना पार 1984 पर्यंत मागे जावं लागलं.

संगणकावरच्या छपाईत पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. ॲपलच्या मॅकिंटॉशने 1984 साली पडद्यावरही इंचाला 72 ठिपके ठेवले, म्हणजे अक्षर कागदावर जेवढं तेवढंच पडद्यावर. मायक्रोसॉफ्टचा हिशेब वेगळा. पडदा आपण कागदापेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त लांबून वाचतो, म्हणून 72 मध्ये त्याचा तिसरा हिस्सा मिळवून 96. त्रैराशिक बरोबर आहे, पूर्ण गुण! तेव्हाच्या पडद्यांत फारसा फरक नसे. विंडोज 98 मध्ये एकापेक्षा जास्त मॉनिटर जोडता येऊ लागले, तरी एकच प्रमाण सगळ्यांना चालून जाई. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी 96 हा आकडा गृहीतच धरला.

पुढे ठिपके बारीक होत गेले. 2010 च्या आयफोन 4 वर इंचाला 326, 2012 च्या नव्या मॅकबुक प्रोवर 220. जुन्या हिशेबाने तिथे अक्षरं मुंगीएवढी दिसतील. जुन्या प्रोग्रामसाठी विंडोज व्हिस्टाने 2007 मध्येच एक तोड काढली होती. प्रोग्रामला 96 च सांगायचं आणि त्याने काढलेलं चित्र नंतर ताणून मोठं करायचं. प्रत्येक मॉनिटरला वेगळं प्रमाण विंडोज 8.1 मध्ये, 2013 साली आलं. माझा टायपिंगचा प्रोग्राम त्याच्याही आधीचा. त्याला हे कोण सांगणार?

यात आपल्या लिपीचे हाल जास्त. 96 च्या पडद्यावर 12 पॉइंटच्या अक्षराला उंचीत 16 ठिपके मिळतात. तेवढ्यात वेलांटी, मात्रा, शिरोरेषा, अक्षर, उकार सगळं बसवायचं. विंडोज 2000 बरोबर आलेला र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट याच दाटीत काम करायचा. माझ्या लॅपटॉपचं प्रमाण दीडपट. एका ठिपक्याची शिरोरेषा दीड ठिपक्याची झाली, पण अर्धा ठिपका पडद्यावर नसतोच, म्हणून शेजारचा करडा होतो. अनुस्वाराचंही तेच. इंग्रजी आयवरचं टिंब फिकटलं तरी शब्द कळतो. आपल्याकडे चिंतेची चिता होते.

असो. आता टायपिंग जुन्या मॉनिटरवर आणि वही लॅपटॉपवर, अशी अदलाबदल केली आहे. आधीची एकतीस पानं पुन्हा तपासतोय. अकरा झाली, सतरा अनुस्वार सापडले. एके ठिकाणी वहीतच पुसट आहे. ते टिंब आहे की शाईचा डाग, हे विचारायला आता आई नाही.