पाटा दबतो तेव्हा

चैत्र लागायच्या आधीच्या आठवड्यात आमच्या वणीत पाटे मिस्त्रीच्या दुकानापुढे पिकअपची रांग लागते. एरवी द्राक्षं, टोमॅटो, कांदा वाहणाऱ्या या गाड्या. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सव चालतो, आणि पायी येणारी मंडळं त्या दिवसांसाठी त्या भाड्याने घेतात. हौद्यावर लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर फळ्यांचा माळा, वर ताडपत्री. खाली पाण्याची टाकी, गॅस, भांडी, शिधा, माळ्यावर अंथरुणं. परदेशात लोक पिकअपच्या पाठीवर छोटं घर बसवून फिरायला निघतात, त्याला कॅम्पर म्हणतात. आपल्याकडे हा शब्द डबल केबिनच्या बोलेरोला चिकटला. पण खरा कॅम्पर बघायचा असेल तर चैत्रात वणी-नांदुरी रस्त्यावर या.

माझ्या काकांची, म्हणजे नानांची, अशीच एक पिकअप आहे. दोन वर्षांपूर्वी सिन्नरकडच्या एका मंडळाने ती ठरवली. सांगाडा चढवला, टाकी भरली आणि गाडी मागून इतकी बसली की हेडलाइटचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर पडायला लागला. नाना म्हणाले, "तू इंजिनीयर ना? पाटे किती वाढवायचे, सांग." मी सॉफ्टवेअरवाला, पण पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स आठवत होतं. मी हिशोब मांडला, मिस्त्रीने त्याप्रमाणे पाटे घातले, गाडी ताठ उभी राहिली. माझा हिशोब बरोबर होता. पुढे जे झालं, ते समजून घ्यायला मला बरंच मागे जावं लागलं.

सडे होऊन लढणं

या भागात ओझ्याचा प्रश्न नवा नाही. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज बागलाणातून परतत होते. दाऊदखान कुरेशी मोगल फौज घेऊन आडवा आला. महाराजांनी लूट लादलेली जनावरं पुढे काढून दिली आणि स्वतः सड्या स्वारांनिशी मागे थांबले. १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीची लढाई झाली आणि मोगलांचा पराभव झाला. शाळेत आम्ही ती शौर्याची गोष्ट म्हणून वाचली. आता वाचताना जाणवतं की त्यात ओझ्याचाही विचार आहे. ज्याच्या पाठीवर वजन आहे त्याने लढायचं नाही, वाट धरायची.

त्या काळचा माल पाठीवरूनच जायचा. लमाणांच्या तांड्यातला बैल गोणीत शंभर-सव्वाशे किलो घेऊन घाट चढायचा. त्यापेक्षा जास्त लादलं तर तो बसकण मारायचा. त्याला मारा, ओढा, शेपटी पिरगाळा. ओझं उतरवल्याशिवाय तो उठायचा नाही. वजनाची मर्यादा कुठे लिहून ठेवायची गरजच नव्हती.

मग चाकं आली. बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. धावेला बसलेला दगडाचा दणका आसातून थेट साट्यापर्यंत पोचायचा. पण तीही बोलायची. मागे जास्त भरलं की गाडी 'उलाळ' व्हायची, म्हणजे जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्याला फास बसायचा. गाडीवान माल पुढे सरकवायचा. उलाळ हा शब्द आज फारसा कुणी वापरत नाही, पण मागच्या चाकांच्याही मागे वजन लटकवलेली, पुढून हलकी झालेली पिकअप म्हणजे उलाळ गाडीच. फरक एवढाच, की आता जुवाखाली कुणाचा गळा नाही.

कमान

पाट्यांची कल्पना घोडागाडीची. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियटने १८०४ मध्ये लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं आणि बग्ग्यांचा प्रवास मऊ झाला. आपल्याकडे टांग्यांना तशाच कमानी लागल्या. युक्ती साधी आहे. एकच जाड पट्टी वाकवायला गेलं तर ती मोडते. त्याऐवजी पातळ पट्ट्या लांबीच्या उतरत्या क्रमाने एकमेकींवर ठेवून मधोमध बोल्टने आवळल्या, की सगळ्या मिळून वाकतात आणि एकमेकींवर घासून उसळीही थोडी जिरवतात.

ही कमान ट्रकमध्ये गेली, जीपमध्ये गेली. अमेरिकी सैन्यात विलीज जीप 'पाव टनी ट्रक' म्हणून नोंदलेली होती. महिंद्रांनी १९४७ मध्ये ती भारतात जुळवायला घेतली. पाव टनाच्या त्या वंशातल्या कमांडर जीपमध्ये नव्वदच्या दशकात किती माणसं कोंबली जायची, हे घरातल्या कुणालाही विचारा; टपावर, फुटबोर्डावर, मागच्या शिडीवर. पाटे वाढवणं हा गॅरेजचा हुकमी धंदा झाला तो याच गाड्यांच्या जिवावर. पुढे २००० मध्ये बोलेरो आली, २००५ मध्ये टाटा एस आली, आणि शेताच्या बांधावरून थेट बाजार समितीत माल नेणारी छोटी गाडी खेड्याखेड्यांत दिसू लागली.

पाटे वाढवण्याचं गणित मोहात पाडणारं आहे. सारखे सहा पाटे असतील आणि त्यात तसाच सातवा घातला, तर ताठपणा सुमारे सहाव्या हिश्शाने वाढतो. पण जाडी बदलली तर हिशोब घनात जातो: सात मिलिमीटरचा पाटा आठचा केला की तो जवळपास दीडपट ताठ होतो. म्हणून जुने मिस्त्री सगळे पाटे जाड करत नाहीत. ते वजन पडल्यावरच टेकणारा मदतीचा पाटा बसवतात, म्हणजे गाडी रिकामी असताना मऊ राहते. द्राक्षवाल्यांना हे चांगलं माहीत असतं. ताठ पाट्यांची अर्धी भरलेली गाडी खड्ड्यात आदळली की मणी देठापासून सुटतात आणि बाजारात भाव पडतो.

घाट

आता त्या दिवसाचा हिशोब. गाडीची क्षमता १,७०० किलो. हजार लिटरची टाकी, म्हणजे पाण्याचाच एक टन. सांगाडा आणि फळ्या दोनशे किलो. शिधा, गॅस, भांडी तीनशे. चाळीस जणांची अंथरुणं-पिशव्या, माणशी आठ किलो धरून ३२०. झाले १,८२०. म्हणजे कुणी चढायच्या आधीच मर्यादा ओलांडली होती. आणि दर्शन झाल्यावर चालायचं त्राण कुणात उरतं? टाकी अर्धी झाली होती, पण उतरताना पंचवीस माणसं गाडीत चढली. साठ किलोने दीड टन. एकूण २,८२०. मालाच्या गाडीत माणसं बसवणं बेकायदा आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी स्वतः माळ्यावर बसलो होतो.

गाडी मात्र ताठ होती. मागून जराही बसलेली नव्हती.

गडावरून नांदुरीकडे उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर जळका वास आला. मग नानांचं पेडल खाली जाऊ लागलं. त्यांनी दुसरा गिअर, मग पहिला टाकला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घासत घासत थांबवली. दोघांना खरचटलं, एका आजींचा हात मुरगळला. दुसऱ्या बाजूला दरी होती.

ब्रेकचं काम गतीची उष्णता करणं. एक टन जास्तीचं वजन शंभर मीटर खाली उतरवलं, की सुमारे दहा लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. साधारण तीन लिटर गार पाणी उकळायला लागते तेवढी. इंजिन त्यातली काही घेतं, उरलेली चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते. मी पाटे वाढवले होते. ब्रेक, एक्सल, टायर, बेअरिंग होते तेच होते. क्षमतेचा आकडा सगळ्यात दुबळ्या भागाला जपण्यासाठी असतो, आणि तो भाग पाटा असेलच असं नाही.

माझ्या कामात एक वाईट सवय असते. सर्व्हर सारखा इशारा देत असेल तर कुणीतरी कंटाळून इशाऱ्याची मर्यादाच वाढवून टाकतो. स्क्रीन शांत होते, सर्व्हर तसाच धापा टाकत असतो. मी नानांच्या गाडीचं तेच केलं होतं. पाटा दबतो तेव्हा गाडी बसकण मारलेल्या बैलासारखी सांगत असते, की बास. मी तिचं तोंड बंद केलं आणि वर त्याला दुरुस्ती म्हटलं.

कायद्याने हे ओळखलेलं आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वजनाची मर्यादा गाडीच्या नोंदणीवर ठरते, पाट्यांच्या संख्येवर नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. पण दंडाची भीती हायवेवर. गडाच्या वाटेवर देवीचं नाव घेतलं की सगळे हात जोडतात.

नानांनी वाढवलेले पाटे काढले नाहीत. टोमॅटोच्या दिवसांत खड्ड्यांतून त्यांचा उपयोग होतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. त्यांनी दुसरं केलं. काट्यावर गाडी बरोबर क्षमतेइतकी भरली, आणि चेसिसचा रबर व मागचा एक्सल यांच्यात किती अंतर उरतं ते मोजून आतून पांढरी रेघ मारली. ताठ झालेली गाडी थोडंच दबते, पण दबते. ते थोडंसं आता दिसतं.

यंदा एक मंडळ आलं. त्यांचा म्होरक्या गाडीभोवती फिरून खुश झाला. "नाना, काय ताठ उभीय गाडी! पंधराशे लिटरची टाकी ठेवू."

नानांनी किल्ली घेतली. "ताठ उभीय म्हणूनच आधी काट्यावर चला," ते म्हणाले.