अर्ध्यावर थांबलेला अभ्यास

परदेशी विद्यापीठात उच्च शिक्षण घ्यावयाचे म्हणजे केवळ गुणपत्रिका धाडून भागत नाही. खर्चाची तरतूद, गुरुजनांची शिफारस आणि अपुरे ते पुरे करण्याची चिकाटी, ही तिन्ही लागतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत ती आम्हांला स्पष्ट दिसतात.

१९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना ३ वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर बडोदे संस्थानाची १० वर्षे चाकरी करावी, अशी तिची अट होती. १९१५ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एम. ए. झाले. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे वळले, तेव्हा कोलंबियातील प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी शिफारसपत्र लिहिले.

परंतु शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. ४ वर्षांच्या आत तो पुढे चालविण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळविली होती. बडोद्यात अस्पृश्यतेपायी राहावयास जागा मिळेना. ती नोकरीही सुटली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसा साठविला. शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले, कोलंबियाची पीएच. डी. १९२७ मध्ये हाती आली.

मुले परदेशी धाडताना पालकांनी करारातील अटी नीट वाचाव्यात; आणि पैशाअभावी परतलेल्या मुलास कोणी अपयशी म्हणू नये, असे आम्हांस वाटते.