उपपत्ति आणि पाठांतर

महाविद्यालयांत गणित शिकवितांना एक अनुभव मला दरवर्षीं येतो. एखादा विद्यार्थी फळ्यावर सिद्धता अस्खलित लिहितो. मीं आकृति उलटी काढून दिली, किंवा नुसतीं अक्षरें बदललीं, कीं तो तेथेंच अडतो. अशा वेळीं मला कोंकणांतल्या नांदगांवच्या गणेश दैवज्ञांची आठवण होते.

त्यांनीं १५२० सालीं रचिलेल्या ‘ग्रहलाघवा’वरून पिढ्यान्‌पिढ्या पंचांगें झालीं, म्हणून तो ग्रंथ पुष्कळांस ऐकून तरी ठाऊक असतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर १५४५ सालीं लिहिलेली त्यांची ‘बुद्धिविलासिनी’ टीका मात्र, पुण्याच्या आनंदाश्रमानें १९३७ सालीं छापूनहि, उपेक्षितच राहिली. ‘लीलावतीं’त सूत्रें आहेत, उदाहरणें आहेत, उपपत्ति बहुधा नाहीं. आचार्यांना ती नको होती असें नव्हे; उपपत्तीवांचून गणकास विद्वानांच्या सभेंत प्रतिष्ठा नाहीं, असें त्यांनींच ‘सिद्धान्तशिरोमणीं’त बजाविलें आहे. सूत्र पद्यांत, कंठस्थ करण्यासाठीं; उपपत्ति टीकेंत, गुरूनें उलगडून दाखविण्यासाठीं, अशी ती वांटणी मला दिसते. आम्हीं उपपत्तीच पाठ करावयास लाविली, आणि वर तिला गुणहि देऊं लागलों!

परिघास व्यासाच्या चतुर्थांशानें गुणिलें असतां वर्तुळाचें क्षेत्रफळ येतें, हें ‘लीलावतीं’तील सूत्र घ्या. गणेश दैवज्ञ सांगतात तें असें: वर्तुळाचे दोन अर्धभाग करावे; प्रत्येकाचे केंद्रापासून परिघापर्यंत सारखे निमुळते तुकडे पाडावे; परिघाची बाजू सरळ पसरावी, आणि एका भागाचीं टोकें दुसऱ्याच्या फटींत बसवावीं. अर्धा परिघ ही लांबी व त्रिज्या ही रुंदी, असा आयत तयार होतो. हें मी वर्गांत कागद कापून दाखवितों.

बहुतेकांचें तेवढ्यानें समाधान होतें. एके वर्षीं मागच्या बाकावरील एका मुलीनें विचारिलें, “सर, कड तर वांकडीच राहिली, मग हा आयत कसा?” इतक्या वर्षांच्या अध्यापनांत याहून चांगला प्रश्न मला कोणीं विचारिलेला नाहीं. तुकडे ८ केले तर कड लाटांसारखी दिसते, ६४ केले तर जवळजवळ सरळ. परंतु ‘जवळजवळ’ म्हणजे सिद्धता नव्हे. येथें ग्रीक गणिती आर्किमिडीज हातीं घ्यावा. क्षेत्रफळ याहून अधिक मानिलें तर विसंगति येते, उणें मानिलें तरी विसंगति येते, असें दाखवून तो दोन्ही वाटा बंद करितो. ही युक्ति आरंभींच सांगितली तर मुलें ती निमूटपणें उतरून घेतात. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मीं ती सांगितली, तेव्हां वर्गांत एकहि लेखणी हलत नव्हती.