पाठमोरी खुर्ची

खुर्चीसाठी माणसं काय काय करतात, हे मी बँकेत वीस वर्षं पाहतो आहे. पण खुर्ची मिळाली म्हणून भोकाड पसरणारा एकच गृहस्थ पाहिला : माझा दहा महिन्यांचा भाचा. दिवाळीला जावई नागपूरहून कोहमाऱ्याला आले, तेव्हा महाशय मागच्या सीटवर, पट्ट्यांत जखडलेले, मागच्या काचेकडे तोंड करून विराजमान होते.

"पोराले उलटं काहून बसवलं जी? माही मांडी का वाईट होती?" आई कडाडली.

मांडीची बाजू घ्यायला मी इतिहास चाळला आणि तोंडघशी पडलो. १९३० च्या दशकात अमेरिकेत अशी आसनं निघाली, ती पोराला उंच आणि एका जागी बसवायला. जीव वाचवण्याचा विचार १९६० नंतरचा. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना पाठमोरं आसन सुचलं ते अंतराळवीरांच्या आसनांवरून. तान्ह्याचं डोकं जड, मान कोवळी. पाठमोरं बसवलं की झटका साऱ्या पाठीवर वाटला जातो. १९७८ साली टेनेसी राज्यात कायदा लागू झाला. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना नेलं तर हजार रुपये दंड.

मी कॉमर्सवाला, म्हणून हिशेब केला. ताशी ५० किलोमीटरच्या टकरीत दहा किलोचं बाळ क्षणभर सुमारे तीनशे किलोंच्या जोरानं पुढे जातं. म्हणजे तीन क्विंटल धान! कुठली आजी धरणार?

जावयांची खुर्ची दुहेरी : आधी पाठमोरी, पुढे तीच तोंड पुढे करून. मुदत ठेवच म्हणा. खुर्चीवर लिहिलेली वजन-उंचीची मर्यादा गाठेपर्यंत मोडायची नाही. पट्टे पाठमोऱ्या पोराच्या खांद्याशी किंवा खाली, पुढे वळवल्यावर खांद्याशी किंवा वर. चिमटीत येतील इतके ढिले नकोत. खुर्ची इंचभराहून जास्त हलू नये. आणि पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, पाठमोरी खुर्ची कधीही नाही.

आईला हे पटेना. दुसऱ्या दिवशी नवेगावबांधला निघालो. वाटेत एक गाय रस्त्यात आली. जावयांनी करकचून ब्रेक दाबला. आईच्या मांडीवरचा लाडवांचा डबा उडून थेट पुढच्या काचेवर! गाडीभर लाडू. भाचा मात्र झोपलेलाच.

आई बराच वेळ डब्याकडे पाहत राहिली. परतताना तिनंच पट्टा चिमटीत धरून पाहिला.

"ढिला हाये जी," ती म्हणाली, "ओढा थोडा."