सर्व्हे नंबरातून वंशावळ : कर्जत-खालापूरच्या दप्तरांचा पुरावा कसा वाचावा

वंशावळीत आठ पिढ्यांची नावे असतील, तर सिद्ध कराव्या लागतात त्या सात जोड्या : अमुक हा तमुकाचा मुलगा. यातली एक जोडी जरी अंदाजाने जुळवली, तरी तिच्या वरचे सगळे पूर्वज दुसऱ्याच घराचे निघू शकतात. म्हणून वंशशोधनात किती नावे मिळाली याला फारसे महत्त्व नाही. प्रत्येक जोडीमागे कोणता कागद उभा आहे आणि तो कागद मुळात कशासाठी लिहिला गेला होता, हे पाहावे लागते. कर्जत आणि खालापूर या रायगडच्या घाटपायथ्याच्या दोन तालुक्यांत हा प्रश्न कसा सोडवता येतो आणि कुठे अडतो, याचा हा विचार आहे.

तुलनेसाठी आधी दूरचे उदाहरण घेऊ. वसाहतकाळातल्या अमेरिकेत, विशेषतः व्हर्जिनियासारख्या भागात, घराण्याचा माग मृत्युपत्रांवरून काढतात. मरणारा माणूस मुलांची, जावयांची, नातवंडांची नावे घालून मालमत्ता वाटून देतो आणि ते मृत्युपत्र काउंटीच्या न्यायालयातल्या वहीत उतरवले जाते. तिथेही फसगत होतेच. मृत्युपत्र न करता मेलेल्याची जमीन कायद्याने थोरल्या मुलाकडे जाई. ही पद्धत व्हर्जिनियाने १७८५ च्या कायद्याने बंद केली. तोवर थोरल्याची सोय कायद्याने किंवा बापाच्या हयातीतच झालेली असल्याने काही मृत्युपत्रांत त्याचे नावच सापडत नाही, आणि घाईने वाचणारा तो मुलगा नव्हताच असे ठरवून मोकळा होतो. शिवाय १८६५ च्या एप्रिलमध्ये रिचमंडला लागलेल्या आगीत, सुरक्षित राहावीत म्हणून तिथे पाठवलेली अनेक काउंट्यांची दप्तरे जळाली. त्यामुळे मृत्युपत्र हरवलेल्या घरांसाठी तिथल्या अभ्यासकांना जमिनीचे व्यवहार, कराच्या याद्या आणि शेजाऱ्यांच्या साक्षी यांवरून नाते बांधत जावे लागते. आपल्याकडच्या शोधाला हा दुसरा मार्गच अधिक जवळचा आहे.

कर्जतच्या शेतकरी घरात जुने मृत्युपत्र सहसा सापडत नाही, आणि याचे कारण निरक्षरतेपेक्षा कायद्यात आहे. मिताक्षरा या हिंदू कायद्याच्या पद्धतीतल्या कुटुंबात मुलाचा वडिलार्जित जमिनीवरचा हक्क जन्मानेच येतो. बापाला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देताच येत नव्हता. ती मुभा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० ने दिली. १८७० चा हिंदू विल्स कायदाही मुंबई इलाख्यात मुंबई शहरापुरताच होता, इथल्या मोफसलाला तो लागू नव्हता. याच तालुक्यातल्या माथेरानचे चित्र मात्र निराळे आहे. तिथल्या बंगल्यांचे मालक बरेचसे मुंबईचे, त्यांत पारशी पुष्कळ. त्यांच्या घरात मृत्युपत्र करण्याची रीत होती आणि त्याचे प्रोबेट मुंबईच्या उच्च न्यायालयात होई. डोंगरावरच्या बंगल्याचा वंश मुंबईच्या न्यायालयात शोधावा लागतो, आणि पायथ्याच्या भातशेतीचा तलाठ्याच्या दप्तरात.

तलाठ्याच्या दप्तरात मृत्युपत्राची जागा वारसाच्या फेरफाराने घेतली आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने आली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल संहितेत सामावली गेली. खातेदार मेला की वारस वर्दी देतो, तलाठी फेरफार लिहितो, वरचा अधिकारी चौकशी करून नोंद मंजूर करतो. त्यात मयताचे नाव, वारसांची नावे, त्यांचे नाते आणि बहुधा वयही येते. वंशशोधकाला एका कागदात बाप आणि लेक दोघेही भेटतात, तेही सरकारी शिक्क्यासह.

या फेरफारापर्यंत पोहोचायची वाट सातबाऱ्यावरच असते. जुना हस्तलिखित सातबारा हातात घ्या. कमी झालेले नाव कंसात घातलेले दिसेल आणि नव्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा असेल. तो फेरफाराचा क्रमांक. तो फेरफार काढला की त्याआधीच्या खातेदाराचे नाव मिळते, मग त्याच्या नावाजवळचे वर्तुळ, मग त्याच्याही आधीचा फेरफार. असे एकेक वर्तुळ धरून १९०३ नंतरच्या पहिल्या नोंदींपर्यंत मागे जाता येते. जिथे एकत्रीकरण योजना लागू झाली तिथे सर्व्हे नंबराचा गट नंबर झालेला असतो. तिथे योजनेचे पत्रक पाहून जुना नंबर पक्का केल्याशिवाय पुढे जाऊ नये. माझ्या मते सर्वाधिक वंशावळी इथेच चुकतात. नाव जुळले म्हणून माणूस जुळला असे धरले जाते आणि जमीन तीच आहे का, हे कोणी तपासत नाही.

नावावर भरवसा का ठेवू नये, हे एका कल्पित घराने स्पष्ट होईल. एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत आडनाव क्वचितच असते. नाव, बापाचे नाव आणि जात एवढेच लिहितात : रामा बिन गोविंदा, कुणबी. बाई असेल तर नवऱ्याच्या नावाने : सखू कोम रामा. त्यात थोरल्या नातवाला आजोबाचे नाव ठेवायची पद्धत. आता गोविंदाला रामा आणि धर्मा असे दोन मुलगे आहेत असे धरू. दोघांनीही आपल्या पहिल्या मुलाला वडिलांचे नाव दिले, म्हणून दोन गोविंदा झाले, एक रामाचा आणि एक धर्माचा. या दोघांनीही पुढे तेच केले, तेव्हा पुन्हा एक रामा बिन गोविंदा आणि एक धर्मा बिन गोविंदा जन्माला आला. १८७० च्या सुमाराचे रामा आणि धर्मा सख्खे भाऊ होते. १९३० च्या सुमाराचे रामा आणि धर्मा चुलत-चुलत भाऊ आहेत. कागदावर मात्र दोन्ही जोड्या हुबेहूब सारख्या दिसतात. वरवर वाचणारा दोन पिढ्या गाळतो आणि दोन शाखांचे एक घर करून टाकतो.

हे गुंते सोडवायला चार कसोट्या उपयोगी पडतात, आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत हेच त्यांचे बळ. पहिली म्हणजे फेरफारांची संख्या. सख्खे भाऊ बापाच्या मृत्यूनंतर बहुधा एकाच वारस नोंदीत सामाईक येतात, तर चुलत-चुलत भाऊ दोन वेगळ्या बापांच्या दोन वेगळ्या नोंदींत येतात. दुसरी हिश्शांची : मूळ सर्व्हे नंबर वाटून हिस्सा १ आणि हिस्सा २ केव्हा पडले, आणि त्या वाटणीत कोण समोरासमोर होते. तिसरी बायकांची. दोन्ही गोविंदांच्या विधवांची नावे बहुधा वेगळी असणार, म्हणून विधवेचे नाव हे पुरुषाची ओळख पटवणारे उत्तम साधन आहे, आणि वंशावळीत बायकांची नावे गाळणारे ते हातचे घालवतात. चौथी वयाची. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकात मृत्यूची तारीख, जात आणि अंदाजे वय मिळते. चाळीस, पन्नास, साठ असे ठोकळ वय लिहिलेले असले तरी साठ वर्षांच्या अंतरावरचे दोन रामा वेगळे करायला ते पुरते. याच पुस्तकातल्या जन्मनोंदी मात्र जपून वापराव्या लागतात. तिथे बापाचे नाव आणि मुलगा की मुलगी एवढेच असते, बाळाचे नाव बहुधा नसते. त्यामुळे बापाला त्या वर्षी मुलगा झाला इतकेच सिद्ध होते, तो मुलगा कोणता हे शाळेच्या जनरल रजिस्टरावरून जोडावे लागते.

फेरफार खरे सांगतो, पण सगळे सांगत नाही. सातबाऱ्यावर नावापुढे ए.कु.मॅ. अशी अक्षरे असली, तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला असतो आणि त्याचे भाऊ त्या एका नावामागे दडलेले असतात. व्हर्जिनियात मृत्युपत्रातून थोरला मुलगा गायब व्हावा, तसे इथे धाकटे भाऊ होतात. मुलींचेही तेच. १९५६ पूर्वीच्या वारस नोंदीत मुलगे असताना मुलींची नावे सहसा येत नाहीत. १९५६ नंतर मुलगी प्रथम वर्गाची वारस झाली, तेव्हापासून तिचे सासरचे नाव, गाव आणि पुष्कळदा मागोमाग हक्कसोडपत्रही दप्तरात आले. ज्या घरात १९५६ आधी एकही मुलगी दिसत नाही, त्या घरात मुली झाल्याच नाहीत असा निष्कर्ष काढणे चूक आहे.

याहून मोठी पोकळी कुळांची आहे. कर्जतच्या पुष्कळ भातखाचरांवर नावे सावकारांची आणि जमीनदारांची, कसणारी घरे वेगळी. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांनी या भागात सावकारीविरुद्ध उभे केलेले काम याच परिस्थितीतून आले. कूळकायदा १९४८ चा, आणि कुळे जमिनीची खरेदीदार मानली गेली तो कृषक दिन १ एप्रिल १९५७. कलम ३२-ग ची चौकशी होऊन कुळाला खरेदीचे प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा त्या कुटुंबाचे नाव कब्जेदाराच्या सदरात पहिल्यांदा आले. वंशशोधक मागे जात जात १९५७ ला पोहोचतो आणि त्याला भिंत लागते. तिच्यामागचा माणूस शोधायचा तर कब्जेदाराचे सदर सोडून पीकपाहणीचे आणि इतर हक्काचे सदर वाचावे लागते, तिथे कुळाचे नाव असू शकते. दुसरा कागद म्हणजे भूसंपादनाचा निवाडा. खोपोलीचे वीजगृह १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. रेल्वे तर १८५६ मध्येच खोपोलीपर्यंत आली होती. अशा कामांसाठी जिथे जमीन संपादन झाली, तिथे मोबदला कोणाला किती, हे ठरवताना हितसंबंधितांची नावे नोंदवावी लागत. आणि जमिनीशी काहीही संबंध नसलेली साक्ष हवी, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. यात्रेकरूने गाव आणि कुळ सांगून लिहवलेली पिढ्यांची नावे तिथे मिळतात.

ठाकूर आणि कातकरी वाड्यांसाठी यातले फारसे काही चालत नाही. सातबारा नव्हता. जंगलातली दळी, म्हणजे कसायला दिलेला वनजमिनीचा तुकडा, असली तरी ती अनेकदा गटाच्या, नायकाच्या नावावर. जन्म-मृत्यूच्या नोंदी अपुऱ्या, शाळा उशिरा आलेल्या. आणि नेमक्या याच घरांवर वंशावळ सिद्ध करण्याचा बोजा आज सर्वांत जड आहे, कारण अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० चा पुरावा मागतात. ठाकूर हे नाव इतर समाजांतही असल्याने १९५६ च्या यादीत या जमातीला कुलाब्यातील (आजच्या रायगडमधील) कर्जत, खालापूर यांसह ठराविक तालुक्यांपुरतीच मान्यता होती. ही क्षेत्रमर्यादा १९७६ च्या कायद्याने उठली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी ठाकूर जमातीच्या प्रकरणात आप्तभाव चाचणी (जमातीच्या चालीरीतींशी जुळणी पाहणे) ही निर्णायक कसोटी नव्हे असे सांगितले आणि संविधानपूर्व कागदांना सर्वाधिक वजन दिले. हा न्याय योग्यच आहे, पण कागदच नसलेल्या घराचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. वनहक्काच्या नियमांतला नियम १३ इथे अधिक शहाणपणाचा वाटतो. जुन्या अभिलेखातल्या व्यक्तीपर्यंत नेणारी वंशावळ आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हे दोन्ही तो पुरावा म्हणून स्वीकारतो.

दप्तर कुठे आहे हेही शोधाच्या शास्त्राचाच भाग आहे. कुलाबा जिल्हा १८६९ मध्ये वेगळा झाला, पण कर्जत १८९१ पर्यंत ठाण्यातच होते. १८८२ च्या ठाण्याच्या गॅझेटिअरमध्ये कर्जत सापडते, १८८३ च्या कुलाब्याच्या गॅझेटिअरमध्ये नाही. तेव्हा १८९१ पूर्वीचा कागद जिल्ह्याच्या ठिकाणी अलिबागला मिळाला नाही म्हणून तो नाहीच, असे समजू नये. ठाण्याच्या नावाखाली शोधावे. १८१८ च्या मागे जायचे तर पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, आणि तिथे मोडी वाचता आली पाहिजे किंवा वाचणारा सोबत हवा.

आता वाचकांना एक विनंती. घरात वंशावळीचा तक्ता असेल, तर प्रत्येक बाप-लेकाच्या जोडीपुढे फेरफाराचा क्रमांक, गाव आणि वर्ष लिहा. जिथे कागद नाही तिथे कोणी सांगितले आणि केव्हा सांगितले ते लिहा, आणि ती रेघ तुटक काढा. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब तारीख, सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांसह आजच लिहून घ्या. आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या फेरफारांच्या व कोतवाल बुकांच्या प्रमाणित नकला कागद धड आहेत तोवर काढून ठेवा.